मॉडेल बोटीच्या इंजिनाला बुश की बॉल बेअरिंग?

बेअरिंगच्या दुकानात "पाच मिलिमीटर शाफ्टची द्या" म्हटलं की उलटा प्रश्न येतो, "भाऊ, पंख्याची पाह्यजे का कूलरची?" नागपुरात तो रास्तच आहे. म्हणून घरीच ठरवून निघा: इंजिन वाफेचं आहे की मिथेनॉलवर चालणारं टू-स्ट्रोक?

वाफेचं असेल तर बुश, म्हणजे शाफ्ट (दांडा) ज्यात फिरतो ती गोळ्या नसलेली साधी धातूची नळी. मी शहाणपणा करून छोट्या इंजिनाला ६२५ झेडझेड, म्हणजे दोन्हीकडे पत्र्याचं झाकण असलेली बॉल बेअरिंग, बसवली होती. बोटानं टिचकी मारली की चाक फिरतच राही. फुटाळा तलावावर तीन रविवार मजेत गेले, चौथ्याला चाक फिरवताना खरखर लागली. झाकण उचकटलं तर आत तांबूस चिखल. झेडझेडचं पत्र्याचं झाकण धूळ अडवतं. वाफेचं पाणी शाफ्टलगत आत शिरतंच.

बुश गनमेटलचा किंवा फॉस्फर ब्राँझचा (दोन्ही तांब्याचे मिश्रधातू) घ्या, लांबी शाफ्टच्या जाडीच्या सुमारे दीडपट. ६ मिमी शाफ्टसाठी ड्रिलनं थेट ६ चं भोक पाडू नका, ते थोडं मोठंच पडतं. आधी ५.८ चं ड्रिल, मग दोन्ही बुश फ्रेममध्ये बसवून एकाच दमात ६ चा रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार), म्हणजे भोकं एका रेषेत येतात. शाफ्टला तेल लावून उभा सोडा. सावकाश खाली सरकला तर जमलं, धाडकन पडला तर बुश नवा करा. वर तेलासाठी बारीक भोक ठेवा. लहान मोटरींत मिळणारे छिद्राळ, तेल प्यायलेले बुशही हलक्या कामाला चालतात; मात्र त्यांना रीमर लावलात तर छिद्रं बुजतात आणि तेल झिरपणं थांबतं.

टू-स्ट्रोकचे फेरे मिनिटाला पंधरा हजारांच्या पुढेही जातात. तिथे बॉल बेअरिंगच हवी. मागची, म्हणजे क्रँककेसच्या (इंजिनाच्या धडाच्या) आतली, बिनझाकणाची घ्या, कारण तिला तेल इंधनातूनच मिळतं. या लहान मापांत नंबरचा शेवटचा आकडा म्हणजे आतलं भोक: ६२५ चं ५ मिमी, ६८८ चं ८ मिमी. बसवताना हातोडी नको. क्रँककेस ओव्हनमध्ये १०० अंशांच्या आसपास तापवा, बेअरिंग फ्रीझरमध्ये ठेवा, अलगद बसते. रेटावंच लागलं तर बाहेरच्या कड्यावर रेटा. आतल्या कड्यावर दाब दिलात तर गोळ्यांचे खड्डे उठतात. मिथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून तळ्यावरून निघण्याआधी उरलेलं इंधन जाळून टाका आणि दोन थेंब तेल सोडून इंजिन हातानं फिरवा.

इंजिन कुठलंही असो, शाफ्ट ज्यातून पाण्यात जातो त्या नळीच्या दोन्ही टोकांना बुशच घाला आणि मध्ये ग्रीस भरा. बोटीचा पंखा (प्रोपेलर) शाफ्टला पुढे रेटतो. तो रेटा घ्यायला नळीच्या मागच्या टोकाशी, पंख्यापुढे, एक पितळी वॉशर ठेवा, नाहीतर सगळा भार इंजिनाच्या बेअरिंगवर येतो.