स्नोपॉइंट सिटीच्या वाटेवर निघण्यापूर्वी

ग्वाल्हेरला जानेवारीत सकाळी उशिरापर्यंत धुके हटत नाही. अशाच एका सकाळी लष्कर भागातल्या आमच्या घरी माझा भाचा रजईत बसून ‘पोकेमॉन प्लॅटिनम’ हा, पोकेमॉन नावाचे प्राणी पाळून त्यांच्या लढती लावण्याचा व्हिडिओ गेम खेळत होता. "मामा, पुढचा रस्ताच दिसत नाही," असे म्हणून त्याने खेळ माझ्या हातात दिला. तो स्नोपॉइंट सिटीकडे जाणाऱ्या रूट 217 या रस्त्यावरच्या हिमवादळात अडकला होता, आणि त्याच्याजवळ औषध एकही उरले नव्हते. ज्यांच्यावर अशीच वेळ आली आहे किंवा येणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

स्नोपॉइंट हे खेळातल्या सिनो या काल्पनिक प्रदेशाच्या उत्तर टोकाचे शहर आहे. हा प्रदेश जपानच्या होक्काइदो बेटावरून रचलेला असल्यामुळे उत्तरेचा भाग बर्फाने भरलेला आहे. 2006 सालचे ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’ असोत, ‘प्लॅटिनम’ असो की 2021 मध्ये आलेली पहिल्या दोन्हींची नवी रूपे, सातवा बॅज याच शहरातल्या जिममध्ये, म्हणजे लढतींच्या आखाड्यात, तिथल्या प्रमुखाला हरवून मिळतो. बहुतेक जण जिमचीच तयारी करतात. माझ्या मते मात्र या शहराची परीक्षा कोरोनेट पर्वताच्या गुहेतून बाहेर पडताच सुरू होते.

म्हणून गुहेत शिरण्याआधीच खरेदी उरकून घ्यावी. ताकद भरून काढणारे हायपर पोशन आणि बेशुद्ध पोकेमॉनला उठवणारे रिव्हाइव्ह सढळ हाताने घ्यावेत, आणि बर्फात गोठलेल्या पोकेमॉनसाठी आइस हील व वाटेतल्या रानटी पोकेमॉनना टाळण्यासाठी रिपेल विसरू नये. रूट 216 वर स्नोबाउंड लॉज नावाचे घर आहे. तिथल्या पलंगावर झोपले की सगळा संघ ताजातवाना होतो. हा थांबा चुकवू नये, कारण रूट 217 वर वादळामुळे समोरचे नीट दिसत नाही, खोल बर्फात सायकल चालत नाही आणि पायही जड पडतात. घाईने आडवेतिडवे धावण्यापेक्षा एका कडेने संथ चालत राहिले तर वाट सापडते. याच रस्त्यावर एक घर आहे आणि त्याच्या जवळपास रॉक क्लाइंब ही आठवी एचएम (पोकेमॉनला खडक चढायला शिकवणारी वस्तू) पडलेली असते. ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण अक्यूटी सरोवरापर्यंत चढून जायला तीच लागते आणि जिम जिंकल्यावरच ती वापरता येते. इथे बर्फाने झाकलेला एक खडकही आहे. ‘प्लॅटिनम’मध्ये हार्टहोम सिटीत मिळणाऱ्या ईव्ही या पोकेमॉनची त्या परिसरात लेव्हल वाढली की तिचे ग्लेसिऑन या दुसऱ्या पोकेमॉनमध्ये रूपांतर होते.

आता संघाविषयी. जिमची प्रमुख (जिम लीडर) कँडिस मुख्यतः आइस टाइपचे, म्हणजे बर्फ प्रकारातले पोकेमॉन वापरते. ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये तिच्याकडे 38 लेव्हलचे स्नोव्हर व स्नीझल, 40 चे मेडिचॅम आणि 42 चे अबोमास्नो असते. स्नोव्हर आणि अबोमास्नो हे ग्रास व आइस अशा दोन टाइपचे असल्याने फायर टाइपचा वार त्यांना चौपट लागतो, तर स्नीझलला फायटिंगचा वार चौपट लागतो. सुरुवातीला चिमचार हा फायर टाइपचा पोकेमॉन निवडलेल्यांचे काम त्यामुळे बरेच सोपे होते. इतरांना ‘डायमंड’ आणि ‘पर्ल’मध्ये या टप्प्यावर फायर टाइपसाठी पोनिटाशिवाय पर्यायच नाही, तेव्हा तिला आधीपासून वाढवावे. आयर्न आयलंडवर मिळणाऱ्या अंड्यातून निघालेल्या रिओलूचे पुढचे, फायटिंग टाइपचे रूप लुकारिओ उत्तम ठरते, पण त्याच्यावर पुष्कळ आधी मेहनत घेतलेली असेल तरच. टॉरटेरावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण आइसचा वार त्याला चौपट बसतो.

मेडिचॅम फसवे आहे. ते आइस टाइपचे नाही, फायटिंग आणि सायकिक आहे. त्यामुळे स्टारॅप्टरसारख्या वेगवान पक्षी-पोकेमॉनने आधीच वार करून ते एका फटक्यात संपवावे, नाहीतर त्याचा आइस पंच पक्ष्याला भारी पडतो. ‘प्लॅटिनम’मध्ये त्याच्याऐवजी शेवटी 44 लेव्हलचे फ्रॉसलॅस येते. ते घोस्ट टाइपचेही असल्याने फायटिंग आणि नॉर्मल टाइपचे वार त्याला लागतच नाहीत.

अबोमास्नो मैदानात आले की गारा पडू लागतात आणि आइस टाइप नसलेल्या प्रत्येक पोकेमॉनची दर फेरीला सोळाव्या भागाइतकी ताकद जाते. जुन्या खेळांत या गारा आपोआप थांबत नाहीत, आणि त्या पडत असताना ब्लिझार्ड हा आइसचा वार कधीच चुकत नाही. यावर सनी डे हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटतो: ऊन पडले की गारा थांबतात आणि फायरचा वार दीडपट होतो.

जिममधले कोडे घसरण्याचे आहे. उतारावरून वेग घेऊन बर्फाचे गोळे फोडत कँडिसपर्यंत जायचे. वाटेतल्या प्रशिक्षकांशी लढून झाले की बाहेर जाऊन पोकेमॉन सेंटरमध्ये संघ बरा करून घ्यावा आणि मगच तिच्यासमोर उभे राहावे. भाच्याने दुसऱ्या दिवशी तेच केले आणि आयसिकल बॅज मिळवला.

शहरातल्या एका घरात एक मुलगी मेडिचॅमच्या बदल्यात हॉन्टर देते. अदलाबदल केली की हॉन्टरचा गेंगार होतो, म्हणून मुले हौसेने मेडिचॅम देऊन बसतात. पण त्या हॉन्टरजवळ एव्हरस्टोन असतो आणि त्यामुळे तो बदलत नाही. उत्तरेकडचे मंदिर आणि बंदरावरचे जहाज या दोन्ही गोष्टी मुख्य खेळ संपल्यावरच्या आहेत. मंदिरातल्या रेजिगिगासला जागे करायला रेजिरॉक, रेजाइस आणि रेजिस्टील हे तिघेही संघात असावे लागतात.