बेणणीसाठी कोयता घेताना

आमची दीड एकर काजू लांज्याजवळ, जांभ्याच्या सड्याला लागून. पाऊस सरला की बेणणी, म्हणजे झाडांखालची झुडपं तोडणं, सुरू. करवंद, घाणेरी, रानमोडी, कुड्याचे फुटवे, मध्येच एखादी चिल्हारीची जाळी. चौदा वर्षं हे मी एका गड्याला सोबत घेऊन स्वतः करते. एवढ्यात चार कोयते झाले, त्यातले दोन फुकट गेले.

पहिला जत्रेत घेतला होता. चकचकीत, सव्वा किलोचा. हातात घेतल्यावर वाटलं, काय दणका बसेल! दणका बसला, पण माझ्या मनगटाला. सकाळी आठला हलका वाटणारा कोयता अकरा वाजता जड होतो, आणि दमलेल्या हातातला कोयताच पायावर येतो. म्हणून आधी वजन बघा. मूठ टोकाशी धरून हात सरळ पुढे करा आणि साठ आकडे मोजा. पातं खाली झुकायला लागलं तर ठेवून द्या. मला सातशे-आठशे ग्रॅम पुरतात. गडी किलोचा चालवतो, त्याचा हात वेगळा.

मग बाक. पातं वीतभरापेक्षा थोडं मोठं असावं आणि टोक आत वळलेलं. करवंदाच्या जाळीत हात घालता येत नाही; त्या चोचीने फांदी ओढून घ्यायची आणि परतीच्या हिसक्यात तोडायची. सरळ पात्याचा सुरा इथे घसरतो. मात्र चोच फार लांब असली तर ती दगडावर आपटते, आणि जांभ्यावर धार दोनदा आपटली की दिवस गेला.

लोखंड ओळखायला खिशात छोटी कानस ठेवा. धारेवर हलकेच ओढा. मेणात रुतल्यासारखी खोल रुतली तर ते पातं नरम, तिसऱ्या फांदीला धार वळणार. नुसतीच सरकली तर जास्त कडक, खड्यावर तुकडा उडेल. थोडी चावली पाहिजे. धारेच्या कडेला निळसर डाग दिसला तर यंत्रावर घासताना धार तापून नरम पडली आहे. ते पातं घेऊ नका.

माझे चांगले दोन्ही कोयते ट्रकच्या कमानीच्या (स्प्रिंगच्या) पाट्याचे, लोहाराकडून करून घेतलेले. दुसऱ्याच्या वेळी मी भात्याजवळच बसले होते. त्याने धार लाल केली, फक्त धारेचीच बाजू पाण्यात बुडवली आणि लगेच बाहेर काढून दगडावर घासली. पाठीतली उष्णता धारेकडे सरकू लागली. चकचकीत लोखंडावर आधी गवती पिवळा रंग आला, मग तपकिरी, आणि कडेला जांभळी छटा दिसली तसा त्याने अख्खा कोयता पाण्यात घातला. हे पाणी देणं जमलं नाही तर पाट्याचाही उपयोग नाही.

मग म्हणाला, “वहिनी, मूठ वळा बघू.” माझ्या मुठीवर दोरा गुंडाळून त्याने बाभळीच्या दांडक्यावर खूण केली. शेवटाला थोडा फुगवटा ठेवला, म्हणजे घाम आला तरी निसटत नाही. मी डावखुरी आहे हे सांगायची आठवण राहिली, नशीब! एकाच बाजूने काढलेली धार उजव्या हातासाठी असते. डाव्या हातात ती फांदीत न शिरता बाहेर पळते. माझी दोन्ही बाजूंनी काढलेली आहे.

मुठीतून पात्याची शेपटी आरपार जाऊन शेवटाला वळवलेली हवी आणि तोंडाशी लोखंडी कडी हवी. फुकट गेलेल्या दुसऱ्या कोयत्यात मी इथेच फसले. शेपटी दोन इंच, तीही राळेने चिकटवलेली. एका संध्याकाळी हातात नुसती मूठ राहिली, पातं चिल्हारीच्या जाळीत. अजून तिथेच आहे.

कोयता अडकवायला कमरेला आकडी बांधा. कोयता जमिनीवर टेकवून ठेवला की गवतात हरवतो. जाळीत पहिला घाव घालायच्या आधी काठीने पाला हलवा, आमच्याकडे फुरसं भरपूर. फुटवे जमिनीलगत कापा, तिरका ठोंब ठेवलात तर तोच चपलेतून आत शिरतो. घाणेरी मात्र कापून भागत नाही, ती बुंध्यातून पुन्हा फुटते. तिथे कुदळच हवी. मनगटापेक्षा जाड लाकडाला कुऱ्हाड घ्या. ऐन, किंजळ, खैर, आंबा, फणस यांच्यावर घाव घालण्याआधी परवानगी लागते, स्वतःच्या जमिनीतही. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे.

लोहाराकडे जाताना पाटा आपलाच न्या. तुटका पाटा गॅरेजवाले वजनावर देतात, आणि गंजून पापुद्रे सुटलेला निवडायचा नाही.