पिकअपवर डबा चढवून सागरी महामार्ग: आधी टेप, मग स्टेअरिंग

आमची पिकअप मुळात आंब्याची. एप्रिल-मेमध्ये तिच्या हौद्यात हापूसच्या पेट्या असतात आणि दिवाळीनंतर त्याच हौद्यात झोपायचा डबा चढतो. लोखंडी चौकट, प्लायवूड, वरून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आत दोघांची गादी, शेगडी आणि साठ लिटर पाण्याची टाकी. गाडी मी चालवते, हे शेजारी बसून डावा आरसा सांभाळतात. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी महामार्गाचे बरेच तुकडे आम्ही या डब्यासकट केलेत. कोकणात असा कॅम्पर न्यायचा तर फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी लागते का, असं पुण्या-मुंबईचे ओळखीचे विचारतात. नाही लागत. लागते ती मोजायची टेप.

डबा बसवून, पाणी भरून, सामान लादून झालं की जमिनीपासून टपावरच्या सर्वांत उंच टोकापर्यंत मोजा. टपावर वाऱ्याची खिडकी किंवा सोलर पॅनल असेल तर तेही धरून. आमची उंची साडेआठ फूट भरते. आरसे उघडे ठेवून रुंदी मोजा. मागच्या चाकापासून डब्याच्या शेवटापर्यंत किती लांबी लोंबते तेही मोजा, जेट्टीवर त्याचा हिशोब होणार आहे. तिन्ही आकडे कागदावर लिहून काचेच्या कोपऱ्यात चिकटवा. डोक्यात राहतील असं वाटतं, पण समोर फणसाची आडवी फांदी आली की राहत नाहीत.

उंचीच्या बाबतीत माझा भरवसा एसटीवर. कोकणात रस्त्यावरच्या फांद्या छाटायचं निम्मं काम लाल डबाच करतो. एसटी दहा फुटांहून उंच, त्यामुळे ती रोज जाते त्या रस्त्यावर तेवढं आभाळ मोकळं झालेलं असतं. थांब्यावरची पाटी दिसली, शाळेच्या पोरांना विचारलं की कळतं. एसटीचा मार्ग सोडून वाडीत शिरलात की मात्र शेजारच्या माणसाने खाली उतरून पुढे चालायचं. घरांकडे जाणाऱ्या विजेच्या वायरी दोन खांबांच्या मध्ये लोंबलेल्या असतात. काठीने वायर उचलून गाडी खालून काढण्याचा पराक्रम कुणी करू नये, अगदी वाडीतलाच माणूस काठी घेऊन हौसेने पुढे आला तरी. मागे यायचं.

रुंदीचं दुखणं वेगळं. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे कुंपणाच्या भिंती, मध्ये जेमतेम एक गाडी आणि फोनमधला नकाशा सांगतोय सरळ जा. नकाशाला पाखाडी आणि रस्ता यांतला फरक नेहमी कळतोच असं नाही. पाखाडीला पायऱ्या असतात, आणि व्हाळावरचा, म्हणजे ओढ्यावरचा साकव माणसांसाठी बांधलेला असतो, दोन-अडीच टनांसाठी नाही. वाट विचारताना "गाडी जाते का?" असं विचारू नका. उत्तर कायम "जाते की" असंच येतं, कारण विचारणाऱ्याला नाराज करायचं नसतं आणि सांगणाऱ्याच्या मनात दुचाकी असते. मी विचारते, "काका, चिऱ्याचा ट्रक येतो का इथे?" मग काका थांबतात, गाडीकडे वरपासून खालपर्यंत बघतात आणि खरं सांगतात. "ट्रक नाय येत बाय. चिरे वरच्या वडाकडे उतरवून डोकीवरनं आणले आम्ही." म्हणजे वरच्या वडाकडे गाडी लावायची आणि चालत जायचं. घर बांधायला चिरे प्रत्येक वाडीत लागतात, त्यामुळे हा प्रश्न कुठेही चालतो.

आता चढ-उतार. किनाऱ्याचा रस्ता म्हणजे सपाट, हा गैरसमज आधी काढून टाका. रस्ता सड्यावरून, म्हणजे उंचावरच्या कातळपठारावरून जातो, खाडी आली की एकदम खाली उतरतो, पलीकडे पुन्हा तेवढाच चढतो. केळशीहून आडे-पाडल्यावरून आंजर्ल्याला जा किंवा गुहागरहून वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला जा, दिवसभर हेच. पिकअप दीड टन आंबे सहज वाहते, तेव्हा पाचशे किलोच्या डब्याचं काय, असं वाटणं साहजिक आहे. पण पेट्यांचं वजन हौद्यात खाली बसतं, डब्याचं वर उभं राहतं. वळणावर गाडी आधी कलते आणि मग वळते. म्हणून पाण्याची टाकी, बॅटरी, भांडीकुंडी, जे जड ते सगळं तळाला आणि पुढे केबिनच्या पाठीशी. वरच्या फळीवर फक्त कपडे आणि चादरी.

उतारावर गिअर आधी टाकायचा. उतार सुरू झाल्यावर नाही, त्याच्या तोंडाशीच दुसरा, तीव्र असेल तर पहिला. जो चढ ज्या गिअरमध्ये चढाल तोच उतार त्याच गिअरमध्ये उतरायचा, हा ट्रकवाल्यांचा जुना हिशोब अजून खोटा ठरलेला नाही. ब्रेक सतत दाबून ठेवायचा नाही. दाबायचा, वेग मोडायचा, सोडायचा. लायनरचा जळका वास आला तर बाजूला थांबून अर्धा तास चहा करा, गरम ड्रमवर पाणी ओतू नका. अरुंद घाटीत समोरून गाडी आली तर नियमाने चढणाऱ्याला आधी वाट. समोर एसटी असेल तर नियम कुणाच्याही बाजूने असो, मागे आपणच जायचं. तिच्यात पन्नास माणसं आहेत आणि तिला पुढची फेरी आहे. मागे जाताना साइडपट्टीवर चाक घालू नका. पावसाने तिची माती वाहून गेलेली असते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात वाढलेल्या गवताखाली गटार दिसत नाही. डांबराची कड सोडायची वेळ आली तर आधी उतरून पायाने चाचपा. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीला येताना आरे-वारेच्या वळणांवर दुसरंच संकट, फोटोसाठी भर वळणात उभी केलेली माणसं आणि गाड्या. तिथे हॉर्नवर हात ठेवूनच उतरा.

मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्नियाच्या वाळवंटी किनाऱ्यावरचे कॅम्परवाले टायरची हवा बरीच कमी करून चालवायला सांगतात. तिकडच्या कच्च्या रस्त्यांवर पन्हाळी पत्र्यासारखे आडवे वळे पडतात, हवा कमी केली की टायर ते वळे गिळतो आणि वाळूत पसरून चालतो. आपल्याकडे खड्डा असतो आणि त्यात जांभ्याचा किंवा खडीचा धारदार तुकडा. फार मऊ टायर इथे बाजूने चिरतो. दारावरच्या पट्टीवर भारासाठी जो आकडा दिलाय तोच धरा. लांबलचक खराब पट्टा असेल तर पाचवा हिस्सा कमी करून वीसच्या वेगाने जा आणि डांबर लागताच पुन्हा भरा. त्यासाठी बॅटरीवर चालणारा छोटा पंप सोबत हवा.

पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत गाडी नेऊ नका. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत वेळास, आंजर्ले, गुहागर अशा किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं वाळूत अंडी घालतात, हे एकच कारण मला पुरतं. तेवढं पुरत नसेल त्यांच्यासाठी दंड आणि भरती आहे. किनाऱ्यामागच्या सुरूच्या बनात मात्र वाळूचा एखादा पट्टा वाटेत येतोच. तिथे चाक फिरून रुतायला लागलं की लगेच रेस सोडा, नाहीतर एक्सल वाळूवर टेकतो. चारही चाकांची हवा वीसच्या आसपास आणा, चाकापुढची वाळू हाताने काढा, नारळाची झापं, म्हणजे झावळ्या चाकाखाली सरकवा आणि ज्या चाकोरीतून आलात त्याच चाकोरीतून हळूच मागे या. नाही जमलं तर टोचनसाठी, म्हणजे ओढून काढायला ट्रॅक्टर बोलवा. त्यासाठी जाड दोर आपल्याकडे हवा.

खाड्या फेरीबोटीने ओलांडायच्या. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेशवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळची बोट घेतली की चिपळूणचा सगळा वळसा वाचतो. इथे लागतो तो मागच्या लोंबत्या भागाचा आकडा. ओहोटीला बोट खाली जाते, जेट्टीचा उतार आणि बोटीची फळी यांचा कोन वाढतो आणि डब्याची शेपटी घासते. शिवाय ओहोटीला उघडा पडणारा जेट्टीचा खालचा भाग शेवाळलेला असतो. म्हणून भरतीच्या जवळची बोट धरा.

भरतीची वेळ काढायला तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, आणि नऊच्या सुमाराला पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. शुक्ल असो की कृष्ण, हिशोब तोच. जागेनुसार अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणाला भरती फार चढते आणि ओहोटी फार उतरते, अष्टमीच्या भांगेला फरक कमी. उधाणात खाडीकाठच्या सखल रस्त्यांवर पाणी येतं. ते खारं असतं, त्यात गाडी घालू नका, दोन तास थांबा. बोटीवर चढताना पहिला गिअर, खलाशी हात करील तसं, आणि थांबल्यावर हँडब्रेक लावून गाडी गिअरमध्येच बंद. सिलिंडरचा कॉक त्याआधीच बंद केलेला असावा.

मुक्कामाला देवळाचं आवार, शाळेचं मैदान किंवा कुणाचं तरी अंगण, आणि कुठेही विचारूनच. नारळाखाली गाडी लावायची नाही. रात्रीच्या वाऱ्यात पडलेला नारळ पत्र्याला पोचा पाडतो, काच असेल तर काच जाते. डिझेल दापोली, गुहागर, रत्नागिरी, देवगड, मालवण अशा मोठ्या गावांत भरून घ्या, मधल्या गावांचा भरवसा धरू नका. चालत्या गाडीत डब्यात कुणी बसायचं नाही. डबा कायमचा ठोकून बसवायचा असेल तर आधी आरटीओची परवानगी. आमचा उतरवता येतो, चार टर्नबकलवर, म्हणजे पिळून घट्ट करायच्या आट्यांच्या ताणांवर उभा आहे. ते टर्नबकल पहिल्या दहा किलोमीटरनंतर आणि मग रोज सकाळी हाताने ओढून बघायचे. खड्ड्यांत ते सैल होतातच.

घरी आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी खालून धुवायची. पाटे, त्यांचे यू-बोल्ट, ब्रेकचे पाइप, हौदा आणि डबा यांच्यामधली फट. बाहेरून चकाचक केली आणि फट राहिली तर खारट ओल तिथेच बसून हौद्याचा पत्रा खाते, म्हणून वर्षातून एकदा तरी डबा उतरवाच. बॅटरीच्या टर्मिनलला व्हॅसलिन, टर्नबकलच्या आट्यांना ग्रीस. आमचा डबा फेब्रुवारीअखेर उतरतो आणि चार लाकडी ठोकळ्यांवर गोठ्यात जातो, कारण तोवर बागेत पहिला आंबा तयार व्हायला लागलेला असतो आणि हौदा पेट्यांना लागतो.