अरुंद पार्किंगसाठी छोटी गाडी: बुकिंगच्या आधी टेप काढा

‘चार मीटरच्या आतली गाडी आहे, आरामात बसेल’ एवढ्या भरवशावर बुकिंग होतं. गाडी घरी येते, पार्किंगमध्ये बसतेही, पण चालकाला बाहेर पडता येत नाही. दार वीतभर उघडतं आणि खांबाला टेकतं. ही चूक फार घरांत होते आणि तिचं मूळ कराच्या नियमात आहे. आपल्याकडे करासाठी छोटी गाडी ठरते ती लांबी आणि इंजिन पाहून: लांबी ४००० मिमीपर्यंत, इंजिन पेट्रोल असेल तर १२०० सीसी आणि डिझेल असेल तर १५०० सीसीपर्यंत. सप्टेंबर २०२५ पासून अशा गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे. रुंदीला मात्र काहीच मर्यादा नाही. त्यामुळे कंपन्या लांबी ३९९० मिमीच्या आसपास रोखून धरतात आणि गाडी आडवी वाढवतात. अल्टो के१० ची रुंदी १४९० मिमी, नेक्सॉनची १८०४. दोन्ही चार मीटरच्या आतल्या, पण रुंदीत ३१ सेंटिमीटरचा फरक. अरुंद गॅरेजमध्ये ३१ सेंटिमीटर म्हणजे माणूस उतरतो की आत अडकतो, एवढा फरक.

म्हणून गाडी बघायला जाण्याआधी जागा मोजा. बिल्डर आणि मिस्त्री फुटांत सांगतात, ते आकडे धरू नका. ‘साडेसात फूट’ म्हणजे २२८.६ सेंमी, आणि तेही बहुतेक वेळा प्लास्टर व्हायच्या आधीचे. स्टीलचा टेप घ्या, सोबत दुसरं माणूस घ्या आणि रुंदी तीन उंचीवर मोजा: जमिनीलगत, मांडीच्या उंचीवर (साधारण ७० सेंमी, गाडीचं अंग इथेच सगळ्यात फुगलेलं असतं) आणि छातीखाली, जमिनीपासून १ मीटरवर, जिथे आरसे येतात. ही तीन मापं क्वचितच सारखी निघतात. खाली पायाचा कोबा पुढे आलेला असतो, मध्ये ड्रेनेजचा ११० मिमीचा पाइप क्लॅम्पसकट उतरतो, वर मीटरची पेटी असते. तिन्हींतलं सगळ्यात लहान माप खरं.

शटर असेल तर त्याचं मोकळं माप वेगळं घ्या. दोन्ही बाजूंच्या गाइड पट्ट्या काही सेंटिमीटर खातात. फाटक आत उघडत असेल तर उघडलेल्या पल्ल्याची जाडी आणि कडीही मोजात धरा. स्टिल्ट पार्किंगमध्ये (इमारतीखाली खांबांमधल्या जागेत) दोन खांबांच्या मधे दोन गाड्या असतील, तर शेजारच्याची गाडी रेषेच्या किती आत येते ते रात्री दहानंतर, सगळे घरी परतल्यावर पाहा. दुपारी जागा मोठी दिसते.

आता हिशेब. चालकाच्या बाजूला निदान ५५ सेंमी हवेत. सडपातळ माणूस ४५ मध्येही निघतो, पण पावसाळ्यात रेनकोट आणि हातात पिशवी घेऊन नाही. दुसऱ्या बाजूला भिंतीपासून १५ सेंमी तरी हवेत, कारण आरसा मिटला तरी तो अंगाबाहेर थोडा राहतो आणि रोज गाडी अगदी सरळ लागत नाही. म्हणजे जागेच्या रुंदीतून ७० वजा केले की गाडीची जास्तीत जास्त रुंदी मिळते. जागा २३० सेंमी असेल तर १६० पर्यंतची गाडी: अल्टो के१० (१४९), एस-प्रेसो (१५२), क्विड (१५७.९). २४० असेल तर वॅगन आर (१६२), सेलेरिओ (१६५.५), टियागो (१६७.७) आणि ग्रँड आय१० निओस (१६८) या चौघी बसतात. स्विफ्ट (१७३.५), पंच (१७४.२) आणि बलेनो (१७४.५) यांना जवळजवळ २४५ लागतात. ब्रोशरमधली रुंदी आरशांशिवायची असते हे विसरू नका. उघड्या आरशांसकट दोन्हीकडचं मिळून ती साधारण २० ते ३० सेंमी वाढते. नेमका आकडा शोरूममध्ये उभ्या गाडीला टेप लावूनच घ्या. फाटकातून आरसे उघडे ठेवून सरळ जायचं तर दोन्ही बाजूंना १०-१२ सेंमी मोकळे हवेत. समोरच्या अरुंद गल्लीतून वळून जायचं असेल तर याहून जास्त.

लांबी त्या मानाने सोपी. ४५० सेंमी खोल जागेत बलेनोही (३९९) बसते आणि मागे अर्धा मीटर उरतो. अडचण येते ती स्कूटर आत ठेवायची असेल तेव्हा. स्कूटर साधारण १८५ सेंमी लांब आणि ७० रुंद. ती गाडीपुढे आडवी लावायची तर ७० आणि हात घालायला ३० असे १०० सेंमी खोलीतून कमी करा. पाच मीटरच्या गॅरेजमध्ये मग ४ मीटरच उरतात, आणि शटर बंद व्हायला थोडी जागा सोडली की ३८० सेंमीच्या आतली गाडीच बघावी लागते.

कोणत्या भिंतीला चिकटायचं, हे गाडी निवडण्याआधी ठरवा. आपल्याकडे चालक गाडीत उजवीकडे बसतो. नाक पुढे घालून लावली तर, बाहेरून बघताना, चालक उजव्या बाजूला उतरतो. उलटी आत घेतली तर डाव्या बाजूला. म्हणून पाण्याची टाकी किंवा खांब उजवीकडे असेल तर रिव्हर्समध्ये लावा, डावीकडे असेल तर सरळ. बाकीच्यांना बाहेरच उतरवा. आजी-आजोबांना आत उतरवायची वेळ येणार असेल तर हा ७० सेंमीचा हिशेबच मोडतो. मग एक तर जागा मोठी हवी, किंवा फाटकाबाहेर दोन मिनिटं थांबायची सवय हवी.

दाराचा एक बारकावा कुणी सांगत नाही. दार सलग उघडत नाही, ते दोन किंवा तीन टप्प्यांवर थांबतं. शोरूममध्ये चालकाचं दार पहिल्या टप्प्यापर्यंत उघडा आणि दाराची कड गाडीच्या अंगापासून किती बाहेर आली ते मोजा. नंतर दुसऱ्या टप्प्याला मोजा. तुमच्याकडची मोकळी जागा या दोन आकड्यांच्या मधे पडली, तर दार पहिल्या टप्प्यावरून निसटून रोज भिंतीवर आपटणार आणि कडेचा रंग महिन्याभरात उडणार. जागा पहिल्या टप्प्याइतकी आणि वर दोन-चार सेंमी असेल तर उत्तम, कारण दार आपोआप तिथे टिकतं. नाहीतर भिंतीवर दाराच्या कडेच्या उंचीला जाड फोमची पट्टी चिकटवा. आणि मोजून झालं की त्या पहिल्या टप्प्याच्या फटीतून स्वतः बाहेर पडून बघा. विक्रेता काय म्हणेल याची पर्वा करू नका.

इथेच एमजीच्या कॉमेट या छोट्या विजेवरच्या गाडीचा विचार होतो. लांबी फक्त २९७ सेंमी, रुंदी १५०.५, म्हणजे कागदावर अरुंद गॅरेजसाठीच केलेली गाडी. पण तिला दोनच दारं आहेत आणि ती लांब आहेत. लांब दार तेवढ्याच कोनात जास्त बाहेर येतं. मागे बसणाऱ्याला पुढची सीट सरकवून जावं लागतं. लांबीची अडचण असेल तर कॉमेट चांगली, रुंदीची असेल तर चार दारांची अल्टो बरी पडते. याच्या उलट ईको: रुंदी १४७.५, म्हणजे अल्टोपेक्षाही कमी, आणि मागची दारं सरकती. मुलं आणि म्हातारी माणसं भिंतीलगतही उतरू शकतात. फक्त उंची १८२.५ सेंमी आहे, म्हणून पत्र्याची शेड असेल तर आधी छत मोजा. शेड बुटकी असेल तर कुठल्याही गाडीची डिकी पूर्ण उघडल्यावर दार छताला लागतं का, तेही पाहा. रिव्हर्समध्ये लावणार असाल तर सामान गाडी आत घेण्याआधी काढायचं, कारण डिकी भिंतीकडे राहते.

आत जाण्याचा वळसा हा दुसरा मोठा भाग. पुढे जाताना आतलं मागचं चाक पुढच्या चाकापेक्षा आतून वळतं, म्हणून खांबाला नेहमी मागचं दार घासतं. रिव्हर्समध्ये मागची चाकं जागेच्या तोंडाशी राहतात आणि नाक मोकळ्या गल्लीत फिरतं. गल्ली साडेतीन मीटरच्या आसपास असेल तर उलटी घेणं जवळजवळ नेहमीच सोपं जातं. टर्निंग रेडियस (स्टिअरिंग पूर्ण फिरवून गाडी ज्या वर्तुळात वळते त्याची त्रिज्या) अल्टो आणि एस-प्रेसोचा ४.५ मीटर, वॅगन आरचा ४.७, स्विफ्ट आणि सेलेरिओचा ४.८, टियागोचा ४.९. हा आकडा बाहेरच्या चाकाचा असतो, बंपरचा कोपरा त्याच्याही बाहेरून फिरतो. त्यामुळे गल्ली बरोबर तेवढीच असेल तर ती पुरणार नाही.

सोसायटीत वर-खाली सरकणारं मेकॅनिकल पार्किंग असेल तर पहिली पाटी वाचा ती उंचीची. बऱ्याच यंत्रांत खालच्या थराला १५५ सेंमीची मर्यादा असते. स्विफ्ट (१५२) आणि टियागो (१५३.५) जातात, वॅगन आर (१६७.५) आणि पंच (१६१.५) जात नाहीत. उंच सीट आवडते म्हणून वॅगन आर ठरवलेल्यांचा इथेच घोटाळा होतो. एकाच गाडीच्या वरच्या व्हेरिएंटला मोठी चाकं किंवा रूफ रेल असतील तर उंचीही बदलते, म्हणून जे व्हेरिएंट घेणार त्याचंच माप धरा.

आता गिअरबॉक्स, आणि याकडे खरंच लक्ष द्या. अरुंद गॅरेजच्या तोंडाशी बहुतेक वेळा उंबरा किंवा छोटा चढ असतो. एएमटी गाडी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, पण क्लच आणि गिअर यंत्र आपोआप हलवतं) तिथे रिव्हर्समध्ये आधी अडते. चालक अॅक्सिलरेटर थोडा जास्त दाबतो, चाक उंबऱ्यावरून चढतं आणि गाडी एकदम मागे झेपावते. मागे भिंत अर्ध्या मीटरवर. रिव्हर्स सेन्सर १ जुलै २०१९ पासून सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीचे आहेत, पण ते वाजेपर्यंत धडक झालेली असते, आणि बाजूचा खांब तर त्यांना दिसतच नाही. उंबरा असेल तर मॅन्युअल घ्या. ऑटोमॅटिकच हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची घ्या, नाहीतर आधी मिस्त्रीला बोलावून उंबऱ्याला सिमेंटचा उतार करून घ्या. उतार हजार-दोन हजारांत होतो, बंपर त्यात येत नाही.

विजेवर मिटणारे आरसे वरच्या व्हेरिएंटमध्ये मिळतात. २४० सेंमीच्या आतल्या जागेला ते चैन नाहीत. हाताने मिटवायचे म्हटले तर डावा आरसा मिटवायला गाडीतून उतरावं लागतं, आणि फाटकाच्या तोंडात उतरायला जागा नसते. त्यासाठी सनरूफ आणि मोठी चाकं सोडून द्या.

मोजमाप जुळलं की मगच बाकीचं पाहा. चार माणसांच्या कुटुंबाला डिकी लागते: वॅगन आर ३४१ लिटर, सेलेरिओ ३१३, क्विड २७९, टियागो २४२, अल्टो २१४. सीएनजी घेतली आणि एकच मोठा सिलिंडर आला तर यातलं बहुतेक जातं. सुरक्षिततेत टियागोला २०२० च्या ग्लोबल एनकॅप या धडक-चाचणीत प्रौढांसाठी चार तारे मिळाले होते. २४० सेंमीच्या जागेत बसणाऱ्यांपैकी तिचा विचार आधी करावा असं आमचं मत, उंच सीटची गरज असेल तर मात्र वॅगन आर. बंद गॅरेजमध्ये सीएनजी ठेवायची असेल तर छताजवळ हवा जायला जाळी ठेवा, कारण हा वायू हलका असतो आणि वर साचतो. पेट्रोल असो की सीएनजी, शटर पूर्ण उघडल्याशिवाय इंजिन सुरू करू नका.

शेवटची परीक्षा घरीच. टेस्ट ड्राइव्हची गाडी घरी आणायला सांगा. तेच व्हेरिएंट नसलं तरी रुंदी तीच असते. रात्री आणली तर आणखी चांगलं. रोज जो गाडी चालवणार त्यानेच तीनदा आत-बाहेर करावी, प्रत्येक वेळी दार उघडून उतरावं. एकाने बाहेर उभं राहून खांबापासूनचं अंतर बघावं, पण हात दाखवून मदत करू नये, कारण रोज मदतीला कुणी नसणार. गाडी जिथे नीट लागते तिथे चारही चाकांभोवती खडूने रेषा ओढून ठेवा.

नवी गाडी आली की त्याच रेषेवर पांढरा रंग मारा आणि मागच्या चाकांमागे रबरी व्हील स्टॉपर बसवा. १० सेंमी उंचीचा पुरतो. नाक पुढे घालून लावत असाल तर स्टॉपर पुढच्या चाकांसाठी लावण्याआधी बंपर जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा. छोट्या गाड्यांचा पुढचा बंपर बराच खाली असतो, तो आधी स्टॉपरवर घासतो आणि मग चाक टेकतं.