ग्रीसला जाताय? जुनी ठिकाणं आणि खाणं, दोन्हीकडे या चुका टाळा

मुलांच्या सुट्टीत, म्हणजे एप्रिल-मेमध्ये ग्रीस ठरवत असाल तर फ्लाइटच्या आधी कॅलेंडर बघा. १ मेला आपल्याकडे महाराष्ट्र दिन, पण तिकडे त्या दिवशी अथेन्सच्या टेकडीवरचं अ‍ॅक्रोपोलिस, डेल्फी, क्रीट बेटावरचा नॉसॉसचा जुना राजवाडा, सगळं बंद. ईस्टर संडेलाही तेच, आणि त्यांचा ऑर्थोडॉक्स ईस्टर बऱ्याचदा वेगळ्या तारखेला येतो, २०२६ चंच बघा, इतरांचा ५ एप्रिलला आणि ग्रीसचा १२ ला.

दुसरी चूक जुन्या माहितीवर विसंबायची. ३० युरोत अ‍ॅक्रोपोलिस धरून अथेन्समधली सात ठिकाणं असं कॉम्बो तिकीट अजून कितीतरी लेखांमध्ये वाचायला मिळतं, ते एप्रिल २०२५ पासून बंद झालंय, आता ३० युरो एकट्या अ‍ॅक्रोपोलिसचे आणि अ‍ॅक्रोपोलिस म्युझियमचं तिकीट वेगळं. वेळेचा स्लॉट घ्यावा लागतो, तो सरकारच्या अधिकृत साइटवरूनच घ्या, बाकीचे वर पैसे लावतात. सकाळी आठचा सगळ्यात बरा. दुपारचा घेतलात आणि उष्णतेची लाट आली तर गेटच बंद होतं, २०२३ आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तसं झालंय. अशा वेळी गेटपाशी उन्हात ताटकळू नका, खाली अ‍ॅक्रोपोलिस म्युझियम आहे, एसी आहे, वरच्या मजल्यावर काचेतून पार्थेनॉन, म्हणजे टेकडीवरचं मुख्य मंदिर, समोर दिसतं, पुन्हा कधी उघडतंय ते तिथे बसून बघा. आणि चपला घालून वर चढू नका प्लीज, तिथला संगमरवर लोकांच्या पायांनी इतका गुळगुळीत झालाय की कोरडा असतानाही पाय सटकतो.

डेल्फी अथेन्सहून एका दिवसात उरकायचं म्हणजे जाऊन येऊन सहा तास बसमध्ये, आणि पोचणार ऐन उन्हात. माझं ठाम मत आहे, एक रात्र तिथे किंवा शेजारच्या अराखोवात राहा. अराखोवाचं फॉर्मेला चीज भाजून देतात, ते खायलाच हवं.

क्रीटमध्ये लोक नॉसॉसला जातात आणि हेराक्लिओनचं म्युझियम सोडतात. असं करू नका, कारण नॉसॉसचे ते लाल खांब वगैरे तिथे उत्खनन करणाऱ्या आर्थर इव्हान्सने विसाव्या शतकात काँक्रीटमध्ये उभे केलेत, मूळ भित्तिचित्रं आणि वस्तू म्युझियममध्ये आहेत. तिथेच जवळपास डाकोस मागवा, आणि आल्या आल्या तुटून पडू नका. खाली बार्लीचा टोस्ट असतो, दगडासारखा कडक, वर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा चीज, ऑलिव्ह ऑइल, थोडा वेळ ठेवलं की टोमॅटोचं पाणी आत मुरतं आणि मग खरी मजा.

व्हेज मंडळींनी नुसतं "व्हेज" सांगून थांबू नका. "नीस्तीसिमो" विचारा, म्हणजे उपवासाचं, त्यात मांस, अंडं, दूध नसतं, पण कोळंबी आणि स्क्विड त्यांच्या उपवासाला चालतात, त्यामुळे तेही नको असं स्पष्ट सांगायचं. तेलात शिजवलेल्या भाज्यांना "लादेरा" म्हणतात, त्यात भरपूर पर्याय मिळतात. सँटोरिनीचा फावा तर आपल्या घट्ट वरणासारखाच, वर कांदा आणि केपर्स. येमिस्ता म्हणजे भरलेले टोमॅटो-ढोबळी मिरच्या, त्यात कधी भात असतो कधी खिमा, विचारूनच घ्या. फेटात बऱ्याचदा प्राण्यांचं रेनेट (वासरा-कोकराच्या पोटातून काढलेलं दूध फाडायचं विरजण) असतं, कडक शाकाहारी असाल तर हे माहीत असू द्या.

बिलात ब्रेडचे पैसे दिसले तर लगेच फसवलं म्हणून वाद नको, न मागता टेबलावर ठेवलेल्या ब्रेडचा चार्ज तिकडे सर्रास लावतात, नको असेल तर आल्याबरोबर परत द्या. माशांचा भाव मात्र मेन्यूत किलोवर असतो, म्हणून मासा आधी वजन करून दाखवायला सांगा आणि मगच ऑर्डर पक्की करा.