डिस्लेक्सिया असलेल्या भाच्यासाठी कॉलेज निवडताना काय कामी आलं

भाचा बारावी झाला. तोंडी विचारा, सगळं येतं. लिहायला बसला की अक्षरं उलटसुलट, हाच त्याचा डिस्लेक्सिया. समुपदेशकाचा खासगी अहवाल कॉलेजात चालेना. जीव मेटाकुटीला आला.

जमलं ते असं. आधी सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा अर्ज, मग जिल्हा रुग्णालयात तपासणी. दिव्यांगत्व किमान ४० टक्के नोंदलं गेलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित कॉलेजात ५ टक्के राखीव जागांतून अर्ज करता येतो. त्यानंतर जळगाव-धुळ्याच्या कॉलेजांना पत्रं: लेखनिक, म्हणजे परीक्षेत त्याच्या वतीने लिहिणारा, कोण देणार? तासाला २० मिनिटं जादा वेळ अंतर्गत परीक्षेतही मिळेल का? उत्तर लेखीच घ्या, तोंडी होकार परीक्षेच्या दिवशी उपयोगी पडत नाही. शेवटी त्याला प्रत्यक्ष तासाला बसवलं. जिथे सरांचं शिकवणं मोबाइलवर रेकॉर्ड करू दिलं, ते कॉलेज त्यानेच निवडलं.