पुरात बुडालेलं शेत आणि कराची माफी : या चुका टाळा

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली, तेव्हा वडोदऱ्यातल्या बुडालेल्या सोसायट्यांचे फोटो सगळीकडे फिरले. तीच नदी पुढे पिंगळवाड्याजवळ ढाढर नदीला मिळते. त्या पट्ट्यातली कपाशी, तूर, एरंडी पाण्याखाली किती दिवस उभी होती, हे मात्र शेत असणाऱ्यांनाच ठाऊक. आमच्या काकांची चार विघे जमीन तिथलीच. माफीसाठी धावपळ करताना आमच्या हातून ज्या चुका झाल्या, त्यांची किंमत आम्ही मोजली आहे. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हे लिहितो आहे.

पहिली चूक अर्जाच्या पहिल्याच ओळीत होती. काका राहतात दांडिया बाजारात. त्यांनी लिहिलं, ‘शेत बुडालं, कर माफ करावा’, आणि अर्ज नेऊन दिला जवळच्या कार्यालयात, जिथे ते घराचा वेरो (कर) भरतात. तिथे शिक्का मिळाला, दोन महिने गेले, उत्तर काही आलं नाही. येणार तरी कसं? शेतजमिनीवर असतो तो महसूल. त्याच्यासोबत लोकल फंड आणि शिक्षण उपकर येतो आणि हे सगळं तलाटीकडे भरायचं असतं. महानगरपालिकेचा मिळकत वेरो बांधकामावर लागतो. भायली, बिल, सेवासी ही गावं २०२० मध्ये शहराच्या हद्दीत आली, त्यामुळे तिकडच्या खातेदाराला आता दोन्ही लागू होऊ शकतात : शेताचा महसूल एकीकडे, शेतातल्या घराचा किंवा गोदामाचा वेरो दुसरीकडे. अर्जही मग दोन करायचे, दोन वेगळ्या ठिकाणी. एकाची माफी दुसऱ्याला लागू होत नाही.

‘मुलतवी’ आणि ‘माफी’ यांतही गल्लत होते. वसुली मुलतवी झाली म्हणजे रक्कम पुढे ढकलली, ती गेली नाही. त्यानंतर माफीचा हुकूम निघाला नाही, तर पुढच्या वर्षी मागचं-पुढचं एकदम भरावं लागतं. म्हणून हुकमाची नक्कल मागून घ्या आणि त्यात नेमका कोणता शब्द आहे तो वाचा.

आता मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे ते. शेताचा महसूल तसा किरकोळच असतो. त्याच्या मागे लागून आम्ही पंचनाम्याकडे दुर्लक्ष केलं आणि खरं नुकसान तिथे झालं. सरकारी कागदात ‘पाक नुकसान’ (पिकाचं) आणि ‘जमीन धोवाण’ (जमिनीचं) ही दोन वेगळी खाती आहेत. काकांच्या कपाशीचं नुकसान लिहिलं गेलं, शेतात साचलेल्या गाळाचा उल्लेखही नाही. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या आपत्ती निकषांत पिकासाठी हेक्टरी ८,५०० रुपये (कोरडवाहू) आणि १७,००० रुपये (बागायत) होते, तेही नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तर आणि २ हेक्टरपर्यंतच. पण अल्प आणि अत्यल्प भूधारकाच्या शेतात ३ इंचांहून जास्त गाळ-रेती साचली असेल, तर ती काढायला हेक्टरी १८,००० रुपये वेगळे होते. नदीने पात्र बदलून जमीनच नेली असेल तर हेक्टरी ४७,०००. मागितलंच नाही तर आपणहून कोण देणार?

आणि ३ इंच दाखवायचे कसे? ‘खूप गाळ आहे’ असं सांगून भागत नाही. मी नंतर शेतात पाच-सहा ठिकाणी खुरप्याने वीतभर खड्डे घेतले. वर राखाडी, चिकट, वाळून भेगा पडलेला थर, खाली आपली काळी माती, आणि दोन्हींच्या मधली रेघ सुरीने कापल्यासारखी स्पष्ट. मुलाच्या दप्तरातली फूटपट्टी उभी धरून प्रत्येक खड्ड्याचा फोटो काढला. कुठे चार इंच, कुठे साडेपाच. बांधावरच्या बाभळीच्या बुंध्यावर चिखलाची आडवी रेघ माझ्या छातीपर्यंत होती, तिचाही फोटो घेतला. पण तोवर महिना उलटून गेला होता. हे काम पाणी ओसरल्याच्या पहिल्या आठवड्यात करा, नांगर घालायच्या आधी. एकदा नांगरलं की ती रेघ पुन्हा दिसत नाही.

शहरात राहणाऱ्या आपल्या मराठी कुटुंबांची एक जुनी खोड आहे : जमीन आजोबांच्या नावावर तशीच ठेवायची. आजोबा जाऊन वीस वर्षं झाली तरी वारसाई नोंद नाही. मदत रेकॉर्डवरच्या खातेदारालाच मिळते, आणि पुरानंतर नोंदीसाठी पळापळ करून ती मुदतीत होत नाही. नावं चढलेली असली, तरी ८-अ च्या खाते उताऱ्यात जितके सहखातेदार, तितक्यांच्या सह्या ‘ना-वांधा’ (हरकत नाही अशा) संमतीपत्रावर लागतात. आमची आत्या नाशिकला असते. तिची सही येईपर्यंत आमचा जीव टांगणीला लागला होता.

वावेतरचा, म्हणजे पेरणीचा, दाखलाही नीट वाचून घ्या. शेतात कपाशी आणि कागदावर मागच्या वर्षीची एरंडी, असं निघालं की पंचनामा अडतो. आणि अर्ज गुजरातीतच लिहा, सर्वे नंबर ७/१२ वर आहे तसाच उतरवा.

पंचनामा चुकीचा झाला असेल तर गप्प बसू नका. आधी त्याची नक्कल मागा. देत नसतील तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. मग मामलतदारांकडे (आपल्याकडचे तहसीलदार) फेरपाहणीची मागणी करा. नदीने जमीन कापून नेली असेल तर मापणीही मागा, कारण १८७९ चा जमीन महसूल कायदा गुजरातमध्ये आजही चालतो आणि वाहून गेलेल्या जमिनीचा आकार, म्हणजे महसूल, कमी करण्याची तरतूद त्यात आहे. काकांचा दुसरा अर्ज असाच गेला : खड्ड्यांचे सहा फोटो, प्रत्येकामागे सर्वे नंबर आणि तारीख, शेजारच्या दोन खातेदारांच्या सह्या, आणि आमच्या प्रतीवर इनवर्ड नंबर. नवव्या दिवशी तलाटी स्वतः बांधावर आले आणि त्यांनी फूटपट्टी मागितली.